जशा आहात तशा या

मार्च महिना आला की माझ्या दुकानाला काळ्या रंगाचा वास सुटतो. केस रंगवायचा तो उग्र वास पडद्यांत बसतो, टॉवेलांत बसतो, घरी जाऊन मिसोचं सूप प्यायला घ्यावं तर वाटीतही तोच. वर्षभर पोरं येतात, केस गुलाबी करा म्हणतात, निळे करा म्हणतात, आणि खुर्चीत बसून खिदळत असतात. मार्चमध्ये येतात ती खिदळत नाहीत. कॉलेजचं तिसरं वर्ष संपत आलेलं असतं, नोकरीच्या मुलाखतींचा हंगाम उघडलेला असतो, आणि आमच्या ओसाकातलं प्रत्येक पोर एकच वाक्य बोलतं, काळे करून द्या. मग मी करून देते. बेसिनमधून काळं पाणी जाताना बघून मला शिसारी येते, पण दुकान चालवायचं तर नाक दाबून चालवावं लागतं.

माझं नाव मासुयो. बाजारगल्लीत सगळे मला ओबाचान म्हणतात, म्हणजे वयानं मावशी आणि तोंडानं फटकळ. दोन्ही खरं आहे.

चिनात्सु माझ्यासमोर वाढली. तिची आई सातोए आमच्याच गल्लीत, माझ्या दुकानापासून चार दारं सोडून, सेंबे, म्हणजे तांदळाच्या खरपूस चकत्या, विकते. चिनात्सु जन्मली तीच तपकिरी केस घेऊन. जवाचा चहा उन्हात धरला की दिसतो तसा रंग. घराण्यात कोणी परदेशी नाही, काही भानगड नाही, आजीचे तसे होते एवढंच. लहानपणी ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सेंबेची खोकी घडी करायची. इतर मुलं बाहुल्या मागत, ही रिकामी खोकी मागायची. एखादं खोकं उघडायला त्रासाचं असलं तर ते उलटंसुलटं करून म्हणायची, हे कुणी केलंय, त्याला बोटं नव्हती का. आणि हसायची. ते हसणं गल्लीच्या छपराला आपटून परत यायचं. मासळीवाला ओरडायचा, सातोए, तुझ्या पोरीला जरा झाकण लाव.

ती बारा-तेरा वर्षांची असताना शाळेनं केस काळे करून या म्हणून सांगितलं. सातोएनं जन्मकेसांचा दाखला दिला. आमच्याकडे शाळा तसा दाखला मागतात, तान्हेपणीचा फोटो आणि आईबापाचा शिक्का. मी स्वतः केस बघून दोन ओळी लिहून दिल्या होत्या. मास्तरांनी सगळं नीट वाचलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की दाखला खरा आहे, पण बाहेरच्या माणसाला दाखला दिसत नाही, केस दिसतात. पुढे कंपन्यांची माणसं शाळेत मुलं बघायला येतात, एकीमुळे सगळ्यांचं नाव खराब व्हायला नको. म्हणजे ज्या पोरीला अजून भूमितीसुद्धा शिकवली नव्हती तिला कोण नोकरी देईल याची काळजी सुरू झाली होती. मी मास्तरांच्या घरी जाऊन भांडणार होते. सातोएनं माझा हात धरला. मग दर महिन्याला मीच त्या एवढ्याशा डोक्याला रंग फासत राहिले. पोरीची कातडी लाल व्हायची. ती आरशात बघून म्हणायची, "ओबाचान, मी आता सगळ्यांसारखी छान घाण दिसते ना?"

शाळा सुटली, ती कॉलेजात गेली आणि रंग सुटला. तपकिरी केस खांद्यापर्यंत आले. ती चार वर्षं तरी बरी गेली असं म्हणायला मी मोकळी नाही, कारण त्यातली तीनच बरी गेली.

आता कुसुमोतो-सानबद्दल, म्हणजे कुसुमोतोरावांबद्दल, सांगायला हवं. हा गृहस्थ माझं जुनं गिऱ्हाईक. मिठाईची आणि भेटवस्तूंची खोकी बनवणारी कंपनी आहे, तिथे नवी माणसं निवडायचं खातं याच्याकडे. दर महिन्याला मंगळवारी येतो आणि पांढरे केस काळे करून घेतो. रंग चढेपर्यंत बसून राहावं लागतं, आणि बसलेला माणूस बोलतो. त्याचं बोलणं दरवर्षी तेच. आजकालची मुलं एका साच्यातली. तोच काळा सूट, तोच अंबाडा, तीच उत्तरं. सगळे कॉलेजातल्या कुठल्यातरी क्लबचे उपाध्यक्ष. अध्यक्ष सांगितलं तर कोणी तपासेल, म्हणून उपाध्यक्ष. तुमचा गुण काय विचारलं की सगळे म्हणतात, मी वंगणाच्या तेलासारखा आहे, माझ्यामुळे गटातली माणसं एकमेकांना घासत नाहीत. देशातली सगळी तरुण पोरं वंगण झाली, मग यंत्र कुठे गेलं, असं म्हणून तो स्वतःच हसायचा. मला तेव्हा तो आवडायचा सुद्धा. एकदा मी विचारलं की मग एखादा निळ्या कोटात आला तर घ्याल का. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"ओबाचान, तो वेडेपणा झाला. वेगळेपण पाहिजे, पण ते आतलं. बाहेर कशाला काढायचं?"

आतलं तुम्हाला दिसतं कसं, असं मी विचारणार होते. तेवढ्यात रंग धुवायची वेळ झाली.

तर चिनात्सुचं तिसरं वर्ष संपलं. कॉलेजात नोकरीच्या खात्यात एक बाई होत्या, पूर्वी विमानात चहापाणी देणाऱ्या. त्या मुलांना दार वाजवायला शिकवायच्या. तीन टकटक. दोन टकटक म्हणजे आत कोणी आहे का बघायला संडासाचं दार वाजवतात तसं, दोन वाजवलंत तर गेलात. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, पाठ टेकायची नाही. चिनात्सुनं त्यांना सांगितलं की मी कॉलेजभर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सहज उघडतील अशी खोकी आईच्या दुकानासाठी करत होते, तेच मुलाखतीत सांगेन. बाईंनी सांगितलं की यात गट कुठे आहे, संकट कुठे आहे, आणि संकटातून तू काय शिकलीस ते कुठे आहे. त्यापेक्षा एखाद्या क्लबात उपाध्यक्ष हो. आणि हे केस.

पहिल्या दोन-चार ठिकाणी ती तशीच गेली. खोटं सांगत नाही, मीच म्हटलं होतं, जा गं, तुझेच आहेत, चोरलेले नाहीत. एका ठिकाणी साहेबानं सगळी मुलाखत केसांशी घेतली, तोंडाकडे बघितलंच नाही. शेवटी विचारलं, तुम्ही नोकरी शोधण्याबाबत गंभीर आहात ना. मग ती माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि ते मार्चमधलं वाक्य बोलली.

मी रंग लावला. दुसऱ्या दिवशी सातोए धावत आली. पोरीचे डोळे सुजून बंद झालेले, कपाळावर फोड, मानेवरून पाणी गळतंय. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणापासून रंग लावून लावून अंगानं आता तो झिडकारलाय, पुन्हा लावाल तर श्वास अडकेल. मी त्या दिवशी रंगाच्या बाटल्या हातात घेतल्या आणि तशाच परत फळीवर ठेवल्या. कुणाच्या तरी डोळ्याला बरं दिसावं म्हणून हे.

त्या उन्हाळ्यात तिला रोज प्रार्थना यायच्या. आमच्याकडे कंपनी नाही म्हणते तेव्हा पत्राच्या शेवटी लिहिते की आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. म्हणून पोरं नापास झालो म्हणत नाहीत, प्रार्थना झाली म्हणतात. चिनात्सु दुकानात यायची, फोन दाखवायची आणि म्हणायची, आज सकाळीच प्रार्थना झाली, दुपारी पुन्हा झाली, मी आता देवळापेक्षा पवित्र झालेय. ती हसायची, पण ते हसणं माझ्या काचेपर्यंतसुद्धा पोचायचं नाही.

रंग बंद झाल्यावर तिनं फवारा आणला. केसांवर मारायचा काळा फवारा, पाण्यानं निघून जातो, कातडीला लावायचा नाही. जुलैच्या उकाड्यात ती काळा सूट घालून, केसांवर फवारा मारून एका मोठ्या कंपनीत गेली. गटाची मुलाखत होती, ओळीनं मुलंमुली बसलेली. तिथला साहेब चांगला दिसत होता, म्हणाला, फार गरम होतंय, कोट काढलेत तरी चालेल. कोणी हललं नाही. आमच्या पोरांना हे कॉलेजातच सांगून ठेवलेलं असतं, काढा म्हटलं तरी काढायचा नाही, ती परीक्षा असू शकते. आपल्याच कपड्यांत या असं पत्रात लिहिलेलं असलं तरी सगळे काळा सूट घालून जातात. माणसानं सांगितलेलं खरं मानणं ही आमच्याकडे सर्वांत मोठी चूक. चिनात्सुनं ती केली. तिला खरंच उकडत होतं. तिनं कोट काढून मांडीवर ठेवला.

घामानं फवारा मानेवरून उतरला होता. पांढऱ्या शर्टाची कॉलर मागून काळी झालेली. साहेबानं विचारलं हे काय, आणि या बयेनं खरं ते सांगितलं. माझे केस जन्मापासून तपकिरी आहेत, म्हणून काळे करून आले. साहेबानं टेबलावरचा कागद उलटा केला.

"म्हणजे पहिल्याच भेटीत तुम्ही आम्हाला खोटं रूप दाखवलंत."

तपकिरी घेऊन गेली तर गंभीर नाही, काळे करून गेली तर खोटारडी. मी ते ऐकलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवली, कारण समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा कान गेला असता. ही माणसं दुपारी भात खातात कशी, कोणाशी बोलतात कशी, घरी जाऊन आपल्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतात तेव्हा यांना काय वाटतं, हे मला समजून घ्यायचंय. खरंच घ्यायचंय.

ऑगस्टच्या शेवटी ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरला नव्हता, उलट टवटवीत होता. तेच मला बघवलं नाही. खोकी बनवणाऱ्या कंपनीत दुसऱ्यांदा माणसं घेत होते. तिला जगात दुसरं काहीच नको होतं. तिथे नवी खोकी कशी उघडावीत यावर काम करणारी खोली आहे, एवढं तिनं कुठेतरी वाचलेलं. कंपनीचं नाव ऐकून मी म्हटलं, अगं, तिथे तर आपला कुसुमोतो बसतो. मग मी तिला त्या माणसाची सगळी वाक्यं सांगितली, वेगळेपण, आतलं, बाहेरचं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ओबाचान, एकदाच रंग लावा. श्वास अडकला तर मुलाखतीनंतर अडकेल."

मी नाही म्हटलं. ती चिडली, तुमचं दुकान आहे म्हणून तुम्हाला नाही म्हणता येतं, असं बोलली आणि ते खरंच होतं. तेव्हा मी कपाट उघडलं. आजारपणात केस गेलेल्या बायकांना मी वापरायला देते ते केसांचे टोप त्यात आहेत. खऱ्या केसांचे, काळे. एक काढला, तिच्या डोक्यावर बसवला, मागून कातरून मुलाखतीचा अंबाडा घातला. आरशात नोकरीसाठी निघालेल्या लाखभर मुलींतली एक बसली होती. तिला ती आवडली. मला त्या आरशावर टॉवेल टाकावासा वाटला.

ती गेली. तीन टकटक केले. कोट काढा म्हटलं तेव्हा काढला नाही. खोक्यांबद्दल बोलली, पण बाईंनी शिकवलं तसं, गट घालून, संकट घालून. आणि गुण विचारला तेव्हा, तिनंच मला नंतर सांगितलं, तिच्या तोंडून निघून गेलं की मी वंगणाच्या तेलासारखी आहे. कुसुमोतो-साननं मान डोलावली.

आठवड्याभरात फोन आला. प्रार्थना नव्हती. त्यांनी सांगितलं, आम्हाला तुमचा स्वाभाविकपणा आवडला.

सातोएनं गल्लीत सगळ्यांना सेंबे वाटल्या. मासळीवाल्यानं आख्खा मासा दिला. मीही हसले, पोटभर जेवले. पोरीला हवं ते मिळालं होतं, त्यात थुंकणारी मी कोण. पण टोप परत घ्यायला हात पुढे केला तेव्हा ती बावरून म्हणाली की असू दे ना, एप्रिलपासून रोज लागेल. तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की मुलाखत संपते, पण निवडलेली मुलगी संपत नाही. ती त्यांना रोज नेऊन दाखवावी लागते.

एप्रिलपासून ती कामाला लागली. काम तिला आवडतं, अजूनही आवडतं, तिनं केलेलं एक झाकण दुकानांत आलंय आणि सातोए ते गिऱ्हाइकांना दोनदोनदा उघडून दाखवते. संध्याकाळी कामावरून येताना ती माझ्या मागच्या दारानं आत येते, पडद्यामागे बसते आणि टोप काढून मला देते. आत घामानं ओलाचिंब. मी तो धुते. मेलेलं जनावर धुतल्यासारखं वाटतं. तिच्या डोक्याला घामोळं आलेलं असतं, तपकिरी केस चिकटून बसलेले, त्यावर मी गार टॉवेल ठेवते. ती डोळे मिटून बसते. सहकाऱ्यांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर सहल होती, ती गेली नाही. पावसाळी वाऱ्यात टोप उडू नये म्हणून ती पूल टाळते, भुयारी जिन्यानं जाते. लग्नाचं विचारणारा एक मुलगा त्याच कंपनीत आहे, त्याला तिनं अजून होही म्हटलं नाही आणि नाहीही.

परवा ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी ती अशीच पडद्यामागे बसली होती. टोप धुऊन मी बाहेर आरशासमोरच्या ठोकळ्यावर वाळत घातला होता. समोरचं दार उघडलं आणि कुसुमोतो-सान आत आला. त्याचा दिवस मंगळवार, हा शुक्रवार. उद्या कॉलेजच्या मुलांसमोर कंपनीची माहिती द्यायला उभं राहायचंय, म्हणाला, कानशिलं पांढरी दिसतायत, तेवढं करून द्या. मी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्यात कापड बांधलं, रंग कालवला. त्यानं ठोकळ्यावरच्या टोपाकडे बघितलं आणि विचारलं, सरावासाठी का. मी हो म्हटलं.

रंग लावता लावता त्याचं सुरू झालं. आजकालची मुलं एका साच्यातली. पण गेल्या वर्षी एक हिरा सापडला, तुमच्याच गल्लीतली आहे म्हणे, होन्गो चिनात्सु, ओळखता का. पडद्यामागे खुर्ची करकरली. मी म्हटलं, सेंबेवालीची.

"तीच. हल्ली पोरींचे केस बघा, चार वर्षं रंग मारायचे आणि मुलाखतीला काळे करून यायचं. मला लगेच कळतं. त्या मुलीचे केस बघितले आणि म्हटलं, या डोक्याला आयुष्यात रंग लागलेला नाही. केस खरे असले की माणूस खरा असतो, ओबाचान. इतकी वर्षं माणसं बघतोय मी."

माझ्या हातातल्या ब्रशवरून काळा थेंब त्याच्या कापडावर पडला. मी विचारलं, हसत विचारलं, की समजा नंतर कळलं की तिचे ते केस खरे नाहीत, तर.

"तर ठेवणार नाही," तो म्हणाला. "केसांचं काय एवढं. प्रश्न विश्वासाचा असतो."

हे बोलताना त्याच्या दोन्ही कानशिलांवर मी लावलेला काळा लेप चमकत होता. त्याला त्यात काही दिसलं नाही. मी आरशात बघत होते, तोही आरशात बघत होता, आणि त्याला काहीच दिसलं नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, तान्हेपणीचा फोटो, दाखला, सुजलेले डोळे, काळी कॉलर. आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, या गल्लीत विचारा कुणालाही. मी ते सगळं गिळलं. पडद्यामागच्या पोरीचं झाकण, तिची खोली, तिची नोकरी माझ्या तोंडात होती. गिळताना त्याला रंगाची चव होती.

त्यानं पिशवीतून एक चोपडी काढून मला दाखवली. उद्या मुलांना वाटायची कंपनीची माहिती. वर चिनात्सुचा फोटो, काळाभोर अंबाडा, ओठ मिटून हसणं. खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं, जशा आहात तशा या.

"वाक्य माझं आहे," तो म्हणाला.

मी छान आहे म्हटलं. त्याचं डोकं धुतलं, पुसलं, वाळवलं. काळं पाणी बेसिनमधून गेलं. तो आरशात डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि जरा लाजत त्यानं विचारलं, "कळत नाही ना? खरे वाटतात ना?"

"जन्मापासूनचे वाटतात," मी म्हटलं.

आणि कान देऊन उभी राहिले. इतकं झाल्यावर लहानपणची चिनात्सु पडद्यामागे स्वतःला आवरू शकली नसती, ते हसू छपराला आपटून परत आलं असतं, मासळीवाला ओरडला असता. मी त्याची वाट बघितली. नोकरी गेली तरी चालेल, असंही एक क्षण वाटलं. पडद्यामागून काहीच आलं नाही. कुसुमोतो-साननं पैसे दिले, वाकून नमस्कार केला आणि गेला. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला, टोप मागत. तो अजून ओला होता. तिला तसाच दिला.